वेगळ्या चुलीचा दाखला

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं दादाला जानेवारीत दिली होती. दादा काही लिहिणाऱ्यातला नाही, त्यामुळे ती नऊ महिने फ्रिजवर पडून होती. आज मी उचलली. पेनाला दवाखान्यातली पट्टी गुंडाळून जाड केलंय, म्हणजे बोटांत धरता येतं. चांदूर रेल्वे गावात चौदा वर्षं मी टायपिंग शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठेकुठे कारकून आहेत. माझा स्वतःचा वेग मराठीत मिनिटाला पन्नास शब्द होता. हा एवढा मजकूर लिहायला आज वीस मिनिटं लागली. संधिवातानं आधी बोटं एका बाजूला कलली, मग मनगटं धरली, आणि चार वर्षांपूर्वी इन्स्टिट्यूटच्या मालकांनी शाल-श्रीफळ देऊन मला घरी बसवलं. निरोप फार चांगला दिला हो, त्यात काही खोट नाही.

आज लिहायला बसायचं कारण म्हणजे चष्मा. दांडी तुटली. नवी करायला सीमा वहिनीकडे पैसे मागितले. तिनं तुरीच्या डाळीच्या डब्यातून काढून दिले. एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही याचाच मला संताप येतो. एकदा तरी विचारावं, एवढे कायले लागतात म्हणून. मग मलाही भांडता येईल. किशोरदादा माझा सख्खा मोठा भाऊ, वहिनी त्याची बायको. बाबा गेल्यावर हक्कसोड पत्रावर मी आपणहून सही केली होती, तेव्हा पगार होता. आता घर त्यांचं, शेत त्यांचं आणि एकोणचाळिसाव्या वर्षी मीही त्यांच्यावरच.

पेपरात आलंय की निराधार योजनेत अपंगांना आता महिन्याला अडीच हजार मिळणार. ज्याला काम करता येत नाही त्याच्यासाठी. मला ते हवेत. कुणी न बोलता दिलेले नकोत, माझ्या नावावर आलेले हवेत.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अमरावतीला जिल्हा दवाखान्यात गेलो. एसटीनं. एकटी जाते म्हटलं तर वहिनी चप्पल घालून दारात उभीच.

एका खोलीत वीसेक माणसं आणि मधे टेबल. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. मूठ करायला सांगितलं. झाली नाही. बाटलीचं झाकण फिरवायला दिलं. फिरलं नाही. मग विचारलं, वेणी कोण घालतं? मी म्हणाले, मीच. बटणं? मीच लावते, वेळ लागतो इतकंच.

मागून वहिनीचा आवाज आला. तिला हळू बोलणं ठाऊकच नाही. "कायले खोटं सांगून राहिली वं माया? सायेब, वेणी मी घालतो. हुक मी लावतो. भाकर मोडून मी देतो. आंघोळीचं पानी मी काढून देतो. हिच्यानं चहाचा कप बी एका हातानं धरल्या जात नाई."

वीस माणसं ऐकत होती. त्यातले दोन तर माझे विद्यार्थी असण्याच्या वयाचे होते. डॉक्टरांनी ते सगळं लिहून घेतलं आणि वहिनीलाच म्हणाले, बरं झालं तुम्ही सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना मी खिडकीकडे तोंड करून बसले. तिनं बसस्टँडवर फुटाणे घेतले होते. एकेक सोलून माझ्या तळहातावर ठेवत होती. भूक होती म्हणून खाल्ले. राग गेलेला नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दादाला ओवाळलं. अवनी होस्टेलवरून आली आहे, नववीत गेल्यापासून आत्याशी इंग्रजीत बोलते. तिनं मोबाईलवर फोटो काढला. ताम्हण जड म्हणून वहिनीनं ऐनवेळी खालून हात लावला. फोटोत तिचा हात आला. फोटो बिघडला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रमाणपत्र आलं. एकसष्ट टक्के, कायमस्वरूपी. आकडा पाहून मला आनंद झाला, आणि आनंद झाला याचं वाईट वाटलं. टायपिंगच्या परीक्षेत एकसष्ट टक्क्यांना आम्ही बऱ्यापैकी म्हणायचो.

कार्डाला स्वावलंबन कार्ड म्हणतात. ज्याला बटण लावता येत नाही त्याच्या हातात स्वावलंबन! असो. सरकारी नावं ठेवणाऱ्यालाही कधीकधी गंमत करावीशी वाटत असेल.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज उत्तमरावांकडे गेले. तालुक्याच्या कचेरीसमोर टपरी टाकून ते फॉर्म भरून देतात. तीस वर्षं हेच करतात, त्यामुळे साहेब बदलतात आणि उत्तमराव राहतात. माझे कागद त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले.

"कागद चांगले हायेत ताई. पन तुमचं नाव भावाच्या राशन कार्डावर हाय. कार्डावर भावाचं शेत, भावाचं उत्पन्न. मंग तुमी निराधार कश्या?"

मी म्हणाले, ते उत्पन्न माझं नाही.

"जेवता कोनाच्या चुलीवर?"

मी कागद पिशवीत भरू लागले. ते म्हणाले, नाव कमी करून स्वतःचं कार्ड काढा, मग उत्पन्नाचा दाखला निघेल, मग अर्ज. तलाठी घरी येऊन पाहतील, चूल खरंच वेगळी आहे का. वेगळी दिसली पाहिजे.

घरी सांगितलं. दादाला राग आला की दुःख झालं, मला कळलं नाही. त्याचं दोन्ही सारखंच दिसतं. "लोकं म्हनतीन, किशोरनं बहिनीले घराबाहेर काहाडलं," म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

वहिनी पोळ्या लाटत होती. "कागदावरच ना?" तिनं विचारलं.

"हो, कागदावरच."

"मंग करा. एक दिवसाचं सोंग तं हाय."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अंगणाच्या पलीकडची मागची खोली साफ केली. म्हणजे वहिनीनं केली, मी सांगत होते. आधी तिथे बैलांची ढेप आणि सरकी ठेवायचो, अजून वास येतो. एक शेगडी, लहान सिलिंडर, चार डबे, दोन ताटल्या. वहिनीनं डब्यांशेजारी माझं नाव कोरलेली भांडी आणून ठेवली. माझ्या लग्नासाठी आईनं जमवलेली. ती इतकी वर्षं तिनं वरच्या फळीवर बांधून ठेवली होती, मला वाटलं होतं कधीच मोडीत गेली असतील.

खोली अगदी दुकानासारखी दिसते.

१८ डिसेंबर, गुरुवार

राशन कार्ड आलं. कुटुंबप्रमुख, माया. कुटुंबातील व्यक्ती, एक. पहिल्यांदाच कुठेतरी प्रमुख झाले.

वहिनीच्या कार्डावर आता तीनच नावं राहिली. ती बराच वेळ ते कार्ड हातात घेऊन बसली होती. तिला वाचायला वेळ लागतो.

८ जानेवारी २०२६, गुरुवार

बोटं ठणकताहेत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तलाठी आल्या. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गाव अजून तलाठीच म्हणतं. दीक्षा मॅडम, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, हेल्मेट काखेत. मी त्यांना मागच्या खोलीत खुर्ची दिली. वहिनीला बजावून ठेवलं होतं, मॅडम जाईपर्यंत तू इकडे फिरकायचं नाही. ती फिरकली नाही.

सगळं छान चाललं होतं. शेगडी पाहिली, डबे पाहिले, कार्ड पाहिलं. मॅडम लिहीत होत्या. कधीपासून वेगळ्या? नोव्हेंबरपासून. स्वयंपाक? मीच करते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, झालं.

आणि अकरा वाजता अंगणापलीकडून हाक आली.

"माया, ये वं! ताट वाढलं. भाकर थंडी होऊन राहिली."

मॅडमचं पेन थांबलं. मी काही बोलण्याआधी वहिनी पदराला हात पुसत घराबाहेरच्या ओट्यावर आली, मॅडमना पाहिलं, आणि जीभ चावायचं सोडून काय म्हणावं तिनं? "मॅडम, तुमी बी या नं. दोन घास खाऊन जा. जेवाच्या टायमाले कोनी असं जाते का?"

मॅडम उठून ओट्यापर्यंत गेल्या. ताट तिथून दिसत होतं. भाकर मोडून, बारीक कुस्करून, वर वरण घातलेलं. शेजारी दोन कानांचा कप. परत येऊन त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"ताई, मला तुमचं वाईट करायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण जे पाहिलं ते लिहावं लागतं. उद्या कोणी तक्रार केली तर माझी नोकरी जाते."

त्यांनी लिहिलं, अर्जदार भावाच्या कुटुंबात एकत्र राहतात व जेवतात. वाचून दाखवलं, मी सही केली. अक्षर फार वाईट आलं.

९ जानेवारी, शुक्रवार

काल रात्रीपासून घरात कोणी कोणाशी बोललं नव्हतं. सकाळी मीच बोलले.

"तू मुद्दाम केलंस."

"मुद्दाम कायले करीन वं? सोळा वर्सं झाले. अकरा वाजले का माह्या तोंडातून हेच निंगते. डोक्यात नाई राह्यलं."

"डोक्यात बरं राहतं तुझ्या बाकीचं सगळं. दवाखान्यात तर एकेक गोष्ट आठवून सांगितलीस."

"तिथं खरं सांगा लागे म्हनून सांगतलं. अन् इथं खोटं सांगा लागते. मले नाई समजत बाप्पा तुह्ये कागदं. एका सायेबाले सांगा सगळं मी करतो, दुसऱ्याले सांगा कोनीच नाई करत."

बरोबर होतं तिचं, म्हणून मला जास्तच चीड आली. मी म्हणाले, तुला मी तुझ्या हाताखालीच हवी आहे. अवनी होस्टेलला गेली, दादा दिवसभर शेतात, मग भरवायला, विंचरायला कोणीतरी पाहिजे ना तुला. तुझा वेळ जातो माझ्यावर.

ती कणीक मळत होती. फार वेळ मळली, इतकी मळायची गरज नव्हती.

१२ जानेवारी, सोमवार

उत्तमराव म्हणतात, फेरचौकशीचा अर्ज करता येतो. महिना-दीड महिन्यानं मॅडम परत येतील. त्यावेळी सोंग नको. ठरवलं, खरंच वेगळं राहायचं.

दादानं माझी खाट मागच्या खोलीत नेऊन टाकली. जाताना दाराच्या कडीला तेल घातलं. वहिनीला मी स्पष्ट सांगितलं. जेवायला हाक मारायची नाही. वेणी घालायची नाही. पाणी काढायचं नाही. मी घरात असताना खोलीत यायचंच नाही.

"कितीक दिवस?" तिनं विचारलं.

"पैसे सुरू होईपर्यंत."

"बरं," म्हणाली.

२० जानेवारी, मंगळवार

स्वयंपाक म्हणजे खिचडी. सकाळी करायची आणि संध्याकाळी तीच. भाकरीचा नाद सोडला. कुकरचं झाकण लागत नाही म्हणून पातेल्यात शिजवते, दोनदा करपली. आंघोळ दोन दिवसांआड. सकाळी बोटं उघडायलाच तासभर जातो, तोवर नुसती खाटेवर बसून असते. फार दमायला होतं. काम करून दमत होते तेव्हा झोप यायची, आता नुसतंच दमते.

एक चांगली गोष्ट घडली आहे. डब्यांची झाकणं मला उघडता येतात! पहिले दोन दिवस एकही उघडलं नव्हतं, डाळीचा डबा दातानं ओढला होता. आता हात लावला की उघडतं. डॉक्टरांनी बदलून दिलेली गोळी लागू पडली असावी. रोज सकाळी फिरून येऊन आधी झाकण उघडून पाहते, उघडतं.

३० जानेवारी, शुक्रवार

मोतीराम वाण्याकडून किराणा आला. गूळ चांगला बारीक फोडून दिला होता, शेंगदाण्याचं कूट तयार. मी काही सांगितलं नव्हतं. बाहेरच्या माणसाला कळतं बघा. त्याला धन्यवाद द्यायला हवेत.

वहिनी अंगणात दिसते. धुणं वाळत घालताना माझ्याकडे पाठ करते. मी सांगितलेलं सगळं पाळते आहे, अगदी अक्षरशः. मला वाटलं नव्हतं ती एवढी कठोर असेल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

केस कापले.

महिना होत आला वेणी नाही. विंचरायला हात डोक्याच्या वर जात नाही. मागे गुंता होऊन त्याची चटईच झाली होती, उशीला टोचायची. आज पार्लरवालीकडे गेले आणि म्हटलं, मुलासारखे कर. तिनं तीनदा विचारलं, ताई नक्की ना? तेल लावून लावून वाढवलेले आहेत, म्हणाली. तेल मी नव्हतं लावलेलं, पण ते तिला कशाला सांगू.

डोकं एकदम हलकं झालं. आधीच करायला हवं होतं.

घरी आले तेव्हा वहिनी ओट्यावर तूर निवडत होती. तिनं वर पाहिलं. सूप हातातून खाली ठेवलं, उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. तूर तशीच पडलेली, चिमण्या आल्या. दादा संध्याकाळी आल्यावर दार उघडलं. तिला एवढं काय झालं कळलं नाही. केस माझे होते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ताप. खिचडी केली नाही. बिस्किटं.

आज एक विचार मनात आला तो लिहून ठेवते, नंतर लाज वाटली तरी. अकरा वाजले की माझे कान आपोआप अंगणाकडे जातात. कुत्र्याचे जातात तसे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दीक्षा मॅडम आल्या. माझं डोकं पाहून दारातच थांबल्या. मग आत येऊन बसल्या. खाट, शेगडी, करपलेलं पातेलं, सगळं पाहिलं. या वेळी काही मांडून ठेवलेलं नव्हतं, जे होतं ते होतं. त्यांनी सहज फळीवरचा डाळीचा डबा उचलला. झाकण लावलेलं नव्हतंच, नुसतं वर ठेवलेलं होतं, ते त्यांच्या हातात आलं. दुसरा उचलला, तोही तसाच. मला वाटलं आता घरात नीटनेटकेपणा नाही म्हणून लिहितील. पण त्यांनी दाराबाहेर वहिनीच्या घराकडे एकदा पाहिलं, झाकणं होती तशी ठेवली आणि काहीच लिहिलं नाही.

मग म्हणाल्या, "भावाच्या घरच्या कोणाचा तरी जबाब लागेल. ते तुम्हाला सांभाळत नाहीत असा."

दादा शेतात होता. वहिनीला बोलवावं लागलं. दीड महिन्यानंतर ती या खोलीत आली. खाली मान घालून, परक्याच्या घरी यावं तशी उंबऱ्याशी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"यांचं जेवणखाण कोण करतं?" मॅडमनी विचारलं.

मला धाकधूक लागली. ही आता पुन्हा सगळं सांगून टाकणार, हिला खोटं बोलता येत नाही.

"कोनी नाई करत," ती म्हणाली.

"तुम्ही काही करता का? पाणी, आंघोळ?"

"नाई."

"वेणीफणी?"

वहिनीनं पहिल्यांदा मान वर केली. माझ्या डोक्याकडे पाहिलं. "वेनी कुठं हाय आता?" म्हणाली.

मॅडमनी बराच वेळ घेऊन दोनच ओळी लिहिल्या. अर्जदार एकटी राहते. तिचे करणारे कोणीही नाही. वाचून दाखवल्या आणि कागद वहिनीपुढे केला. तिनं भिंतीला टेकवून सही केली. आमच्याकडे आल्यावर तिला ही सही मीच शिकवली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी, बँकेत खातं काढायचं होतं म्हणून. तेव्हा ती सत्तर वेळा गिरवून घेतली होती. सही सुरेख आली.

मॅडम गेल्या. वहिनी जायला वळली. मी म्हणाले, "वहिनी, बरं केलंस."

"देवानं ऐकलं असन," ती म्हणाली. "घरात मानूस असून कोनी नाई म्हनलं मी. भरल्या घरात असं बोलाव नाई."

आणि गेली. मला जे हवं होतं ते सगळं झालं. कागद झाला, जबाब झाला. मी खाटेवर बसून रडले. कशासाठी ते लिहायला गेलं तर नीट लिहिता येत नाही. ती खोटं बोलली असती तर एवढं लागलं नसतं. दीड महिना खरंच कोणी केलं नाही ना माझं, मीच तसं सांगितलं होतं.

१२ मार्च, गुरुवार

उत्तमरावांचा फोन. समितीच्या बैठकीत मंजूर झालं. यादीत माझं नाव अकरावं.

"अभिनंदन ताई. आता दरसाल हयातीचा दाखला द्या लागते. अन् चौकशी कधी बी होऊ शकते. चूल वेगळीच ठेवा."

"किती दिवस?"

"म्हंजे? जोवर पैसे घेता तोवर."

मी वहिनीला पैसे सुरू होईपर्यंत असं सांगितलं होतं. तिला जाऊन सांगायला पाहिजे. उद्या सांगेन.

१९ मार्च, गुढीपाडवा

सांगितलं नाही. दादानं गुढी उभारली, मी माझ्या दारातून हात जोडले. वहिनीनं पुरणपोळी पाठवली, झाकलेल्या ताटलीत, दादाच्या हाती. शेजारीपाजारी पाठवतात तशी. मी ताटली धुऊन, रिकामी परत द्यायची नाही म्हणून त्यात साखर घालून परत पाठवली.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज पैसे आले. दहा वाजता मोबाईल वाजला. मेसेज तीनदा वाचला, आवाज न करता. मग चप्पल घालून उभी राहिले, आणि लक्षात आलं, सांगायला जायचं ठिकाण एकच आहे.

अंगण ओलांडून स्वयंपाकघराच्या दारात गेले. तीन महिन्यांत तिथे गेले नव्हते. वहिनी भाकरी थापत होती, पाठ माझ्याकडे. उन्हाळा, त्यात चुलीची धग, तिचा ब्लाऊज पाठीवर भिजलेला. ती एवढी वाळलीय हे मला अंगणाच्या त्या टोकावरून कधी दिसलं नव्हतं.

"पैसे आले, वहिनी."

"बरं झालं," ती म्हणाली. वळली नाही. भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

मी उभीच. ठरवलं होतं की म्हणायचं, हे घे, घरात लावून घे. ठरवलं होतं की चौकशीचंही सांगून टाकायचं. भाकर फुगली. तिनं ती उचलून टोपलीत ठेवली आणि दुसरा गोळा घेतला.

मग तशीच पाठमोरी, दारात आलेल्या कुणालाही विचारावं तसं तिनं विचारलं, "जेवली का?"

पोस्टमन आला की ती विचारते. दीक्षा मॅडमना विचारलं होतं. उत्तमराव आले असते तर त्यांनाही विचारलं असतं. मला सोळा वर्षांत कधीच विचारलं नव्हतं. मी जेवले की नाही हे तिला माझ्याआधी माहीत असायचं.

खिचडी खाऊन मला तासही झाला नव्हता. पोट गच्च भरलेलं होतं.

"नाही, वहिनी," मी म्हणाले. "नाही जेवले."